अडलं की घेऊ

कॉम्प्युटर फॉरमॅट मारला, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं, की पहिल्या दिवशी तो आपला वाटतच नाही. बटन दाबून खुर्ची पुढे ओढेपर्यंत सुरू होतो. परवापर्यंत मी बटन दाबून आंघोळ उरकून यायचो, तरी त्याचं गोल गोल फिरणं चालूच असायचं. आता डेस्कटॉपवर एकटी कचऱ्याची टोपली, तीही रिकामी. हे सुख फार तर दोन तास टिकतं. त्यानंतर मी वही काढतो.

वहीच्या शेवटच्या पानावर ‘फॉरमॅटनंतर लगेच’ असा मथळा आहे, त्याखाली दोन रेघा आणि त्यांच्याखाली नव्याने बसवायच्या प्रोग्रॅमांची आणि फाँटची 31 नावं. शाई चार रंगांची, कारण दर फॉरमॅटला यादीत भर पडत गेली. वजाबाकी कधी झालीच नाही. मागच्या वेळी ही यादी इमानेइतबारे पार पाडण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर होता तसा रेंगाळायला लागला. म्हणून यंदा वही मिटलेलीच ठेवायची ठरवली. काम अडलं की बघू, आणि अडेल तेवढंच घेऊ.

चौथ्या मिनिटाला अडलं. वायफाय दिसेना. वायफायसाठी ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा छोटा प्रोग्रॅम, हवा, ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट वायफायवर. किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यावं तशी गत. शेवटी फोन वायरीने जोडला, त्याच्या नेटवर ड्रायव्हर उतरवला आणि सुटलो. हा एक ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर काढून ठेवावा, असं मी दर वेळी ठरवतो. फक्त ते फॉरमॅट मारून झाल्यावर ठरवतो.

मग ब्राउझर. विंडोजबरोबर येणाऱ्या ब्राउझरची मला खरंच दया येते. आयुष्यात एकदाच त्याला बोलावणं येतं, तेही दुसऱ्या ब्राउझरला घरी घेऊन यायला. मी फायरफॉक्स आणतो. या बिचाऱ्याचं बारसं तीनदा झालं. आधी फिनिक्स ठेवलं, ते नाव दुसऱ्या कंपनीचं निघालं. मग फायरबर्ड ठेवलं, तर त्या नावाचा एक मुक्त डेटाबेस आधीच नांदत होता. शेवटी 2004 साली पहिली पक्की आवृत्ती आली ती फायरफॉक्स म्हणून. त्याच्या पाठोपाठ यूब्लॉक ओरिजिन, ब्राउझरला जोडायचं जाहिरातरोधक. हे घेतल्यावर जाहिराती अशा नाहीशा होतात, की पानांवर एवढी मोकळी जागा असते हेच नव्याने कळतं. ते लिहिणारे रेमंड हिल देणग्याही घेत नाहीत. आभार मानायची सोय नसली की उपकार जास्त जड होतात.

मराठी लिहायला पूर्वी काय काय लागायचं! यादीत एक टायपिंगचा प्रोग्रॅम आणि चार फाँट होते. आता विंडोजमध्येच मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहे, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून लिहायचा फोनेटिकही आहे. सेटिंगमध्ये दोन टिचक्या मारल्या आणि यादीतली तीन-चार नावं एका दमात गळली. एक फाँट मात्र घ्यावाच लागला. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या काळात टाइप केलेल्या माझ्या काही फाइली आहेत. त्यांच्या पोटात खरं तर इंग्रजी अक्षरंच आहेत, फाँटने वरून मराठीचं सोंग चढवलेलं. तो फाँट नसेल तर आजोबांवर लिहिलेला लेख उघडल्यावर मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी गिचमीड दिसते. कॉम्प्युटर कितीही नवा केला तरी हे एक जुनं ओझं बरोबर येतं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी .सेव्हन-झेड अशी शेपटी असलेली फाइल पाठवली आणि फाइली दाबून लहान करणारं, पुन्हा उलगडणारं सेव्हन-झिप आलं. इगोर पावलोव यांनी हे 1999 साली बाहेर काढलं आणि दिसायला ते अजूनही 1999 सालचंच आहे. मला ते आवडतं. काही प्रोग्रॅम दर वर्षी चेहरा बदलतात आणि आपण आपलंच बटन शोधत बसतो. पावलोव यांनी दाबून लहान करायची जी पद्धत बसवली, तिच्याच आधाराने लिनक्सच्या, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त प्रणालीच्या, जगात एक्सझेड नावाचं अवजार चालतं. जगभरातले सर्व्हर ते वापरतात आणि ते सांभाळायला होता एकच थकलेला स्वयंसेवक. दोन वर्षं गोड बोलून, मदत करून कुणीतरी त्याचा विश्वास मिळवला आणि एक्सझेडमध्ये चोरदार बसवलं. मार्च 2024 मध्ये ते सापडलं, तेही कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका प्रोग्रॅमरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा किडा डोक्यात शिरला म्हणून. मी आंघोळ उरकून येईपर्यंत थांबत होतो आणि हा गृहस्थ अर्ध्या सेकंदासाठी अडून बसला!

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ अडला आणि व्हीएलसी आलं. त्याच्या चिन्हातला तो नारिंगी-पांढरा शंकू पाहिला की मला कॉम्प्युटर पुन्हा माझा झाल्यासारखं वाटतं. पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये हे सुरू केलं आणि 2001 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. शंकू आला तो पोरांनी रस्त्यावरून गोळा करून आणलेल्या शंकूंवरून. कुठल्याही वसतिगृहात रस्त्यावरची एखादी पाटी भिंतीला टेकलेली असतेच, पण त्या पाटीचं जगभर चिन्ह झाल्याचं हे एकच उदाहरण मला माहीत आहे. व्हीएलसी कुठलीही फाइल का उघडतं? ती उलगडायला लागणारं सगळं सामान ते स्वतःच्या पोटातच घेऊन येतं, विंडोजच्या तोंडाकडे बघत बसत नाही.

इथे शब्दाचा एक घोळ आहे. प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून ते घसा फोडून सांगताहेत की ‘फ्री सॉफ्टवेअर’मधला ‘फ्री’ हा स्वातंत्र्याचा आहे, किमतीचा नाही. इंग्रजीला एकाच शब्दात दोन्ही अर्थ कोंबावे लागतात. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन वेगळे, धडधाकट शब्द आहेत, तरी आपण सगळ्याला फुकटच म्हणतो. फोटो बघायला मी इरफानव्ह्यू घेतो. इरफान श्किल्यान यांनी 1996 मध्ये केलेला, विजेच्या वेगाने उघडणारा प्रोग्रॅम. घरी वापरायला तो फुकट आहे, पण मुक्त नाही, त्याचा कोड बघता येत नाही. व्हीएलसी दोन्ही आहे. आणि तिसरी जात आहे ती फुकटही नाही आणि मुक्तही नाही, नुसती तसं सांगते.

या तिसऱ्या जातीने मला एकदा चांगलाच धडा दिला. एका फाइलचं रूप बदलायला एक ‘शंभर टक्के फ्री’ कन्व्हर्टर उतरवायला गेलो. पानावर डाउनलोडची पाच हिरवी बटनं, आणि खरं ते सगळ्यात बारीक, राखाडी. पुढे नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. दुसऱ्या दिवशी ब्राउझरच्या कपाळावर दोन टूलबार, उघडणारं पहिलं पान तिसऱ्याच कुणाचं, आणि एक अनोळखी खिडकी माझ्या कॉम्प्युटरमध्ये 842 दोष असल्याचं सांगतेय. त्यांतला एक ती स्वतः होती. त्या वेळचं फॉरमॅट तिच्यामुळेच झालं. तेव्हापासून प्रोग्रॅम करणाऱ्याच्याच साइटवर जातो, ‘शिफारस केलेलं’ सोडून ‘कस्टम’ निवडतो आणि प्रत्येक टिकची खूण भाडेकरारासारखी वाचतो.

त्या 31 नावांत वेग वाढवणारे आणि सफाई करणारे तीन प्रोग्रॅम होते. हे तिघं विंडोजबरोबरच सुरू व्हायचे आणि कॉम्प्युटर मंद का झालाय याचा एकत्र तपास करायचे. तिघांवर काट. अँटिव्हायरसवरही काट, कारण विंडोज 8 पासून डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस आतच आहे.

पत्रं-लेख लिहायचं लिब्रेऑफिस पाचव्या दिवशी आलं. त्याचा इतिहास एखाद्या घराण्याच्या वाटण्यांसारखा आहे. स्टारऑफिस 1999 मध्ये सन कंपनीने विकत घेतलं, त्यातून ओपनऑफिस झालं, सन ही कंपनी ओरॅकल या कंपनीकडे गेली आणि 2010 मध्ये काही मंडळी वेगळी निघाली, ती लिब्रेऑफिस घेऊन. ते घेतलं, बसवलं, सगळं मिळून पाव तास. पण त्यात स्वतःचं नाव टाइप केलं आणि आडनावाखाली लाल नागमोडी रेघ आली. तेव्हा लक्षात आलं. गेली कित्येक वर्षं मी ‘शब्दकोशात घाला’ म्हणत एकेक शब्द त्याला शिकवत होतो: गावांची नावं, नातेवाइकांची आडनावं, ‘खुट्ट’, ‘भसकन’, ‘हुश्श’. ती छोटीशी फाइल एका लपलेल्या फोल्डरात होती. मी फोटोंचा बॅकअप घेतला, कागदपत्रांचा घेतला, पासवर्ड सांभाळणाऱ्या कीपास प्रोग्रॅमची फाइल तर दोन ठिकाणी ठेवली. ह्या फाइलची आठवण झाली नाही. आता पुन्हा पहिलीपासून शिकवणी. काल ‘हुश्श’पर्यंत पोचलो.

महिना झाला. आवाजाची एक फाइल कापायला ऑडॅसिटी आलं, ते शेवटचं. एकूण आठ प्रोग्रॅम आणि एक फाँट. काल धीर करून वही उघडली आणि उरलेली 22 नावं वाचली. बहुतेकांची आठवण आली, गरज आली नाही. एकोणिसाव्या ओळीवर मात्र अडखळलो. तीन अक्षरं आणि एक आकडा असं नाव, पुढे दोन चांदण्या आणि माझ्याच अक्षरात ‘हे विसरू नको!!’ असं लाल शाईत. हे काय करायचं, काही केल्या आठवेना. नेटवर शोधलं तर वॉशिंग मशीनचा एक सुटा भाग निघाला. ज्या कामासाठी ते लागायचं ते काम अजून अडलेलं नाही. मी रोज वाट बघतोय.