सुलट, उलट आणि अमळनेरची मोठी माय

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला राहायला आल्यापासून गावाकडच्या फोनवर दोन प्रश्न ठरलेले. थंडी किती आहे, आणि संध्याकाळी करतोस काय? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. समुद्र शेजारी असल्यामुळे थंडी वाटते तेवढी नसते, खरा त्रास वाऱ्याचा आणि अंधाराचा. डिसेंबरात दुपारी साडेतीनला सूर्य मावळतो. दुसऱ्या प्रश्नाला मी बरेच दिवस बगल देत होतो, कारण ‘विणतो’ म्हटल्यावर अमळनेरला काय हशा पिकेल हे माहीत होतं. तो पिकून झाला. ‘हाई बायास्नं काम शे ना रे भाऊ?’ असं मोठी माय म्हणाली, आणि पुढच्याच आठवड्यात तिनं सुया मागवल्या. आता गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी तिच्या ओट्यावर येऊन बसतात आणि त्यांच्या शंका व्हॉट्सॲपवर माझ्याकडे येतात. रोज तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मी शिकलो ते इथल्या ग्रंथालयात. आठवड्यातून एकदा विणणारे लोक जमतात. फी नाही, नोंदणी नाही, आपली सुया-लोकर घेऊन जायचं आणि रिकाम्या खुर्चीवर बसायचं. बहुतेक बाया सत्तरीच्या पुढच्या आहेत, एक म्हातारा मच्छीमारही येतो, त्यामुळे मी काही वेगळा उठून दिसत नाही.

या किनाऱ्यावर विणकाम ही हौस नव्हती, पोटापाण्याशी बांधलेलं काम होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेरिंग माशाच्या मोसमात होड्यांचा तांडा वर शेटलंड बेटांपासून खाली इंग्लंडातल्या ग्रेट यारमथपर्यंत सरकायचा, आणि मासे साफ करून मीठ लावून पिंपात भरणाऱ्या बाया त्याच्या मागोमाग किनाऱ्याकिनाऱ्यानं जायच्या. मासे नसले की त्यांच्या हातात सुया. बसून तर विणायच्याच, चालता-चालताही विणायच्या. घरच्या कोळ्यांसाठी त्या जे स्वेटर विणत त्याला ‘गॅन्झी’ म्हणतात. गडद निळी लोकर, बारीक सुया, इतकी घट्ट वीण की वारा आत शिरायला जागा नाही. गोल विणलेलं असल्यामुळे अंगाला शिवण नाही. छातीवर चौकटी, शिडी, तिरप्या रेघा, कुठे पिळाची वेणी. वेणी सोडली तर बाकीची सगळी नक्षी सुलट आणि उलट या दोनच टाक्यांची, तीही एकाच रंगात.

म्हणून माझं नवशिक्यांना सांगणं असं की टाक्यांचे शंभर प्रकार दाखवणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. टाके दोनच आहेत. पुढचं सगळं त्यांची अदलाबदल, नाहीतर टाका वाढवणं, घटवणं किंवा ओलांडणं.

टाके घातलेली सुई डाव्या हातात, धागा कामाच्या मागे. उजव्या सुईचं टोक पहिल्या टाक्यात पुढून मागे घाला, टोकाभोवती धाग्याचा एक वेढा द्या, तो वेढा टाक्यातून पुढे ओढून घ्या आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. हा सुलट. उलटला धागा आधी पुढे आणायचा, टोक मागून पुढे घालायचं, वेढा द्यायचा, तो मागे ओढायचा आणि जुना टाका सोडायचा. आता कापड फिरवून बघा. उलट टाका म्हणजे सुलट टाक्याचीच पाठ. हे एकदा डोळ्यांना दिसलं की नमुना वाचायची गरज निम्म्यानं कमी होते, कारण समोरचा टाका पाहूनच पुढचा कोणता घ्यायचा ते कळतं. धागा उजव्या हातात धरा की डाव्या, त्यावरून वाद घालू नका. इथल्या बाया उजव्या हातानं धागा टाकतात, माझी पोलंडची शेजारीण डाव्या बोटावरचा धागा सुईनं उचलून घेते आणि आम्हा सगळ्यांच्या पुढे जाते. कापड सारखंच होतं.

मोठी मायला हे व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिनं जन्मभर गोधड्या शिवल्यात, धाग्याला बिचकणारा हात नाही तिचा. पण तोच हात इथे आडवा आला. गोधडीत प्रत्येक टाका ओढून पक्का करायचा असतो, तिनं इथेही तसाच ओढला. तिसऱ्या ओळीला सुई टाक्यात शिरेना. चष्मा कपाळावर, फोन दिवाणावर कलंडलेला, मला दिसतंय फक्त छत, आणि ऐकू येतायत बांगड्या आणि तिचं पुटपुटणं. शेवटी, ‘बठ्ठं उसवी टाकू का?’ उसव म्हटलं. मग फोन नीट टेकवायला लावला आणि हात पाहिल्यावर गोम कळली. ती प्रत्येक टाका सुईच्या निमुळत्या टोकावर करत होती आणि वर ओढून घेत होती. टाका किती मोठा व्हायचा ते सुईच्या जाडीनं ठरतं, म्हणून तो टोकावरून खाली, सुईच्या भरीव भागावर उतरू द्यायचा आणि धागा ओढायचाच नाही. करंगळीला एक वेढा दिला की धागा हवा तेवढाच सुटतो. एवढं सांगितल्यावर तिची पुढची ओळ अशी सरसर गेली की मला हेवा वाटला. उसवलेलं सूत तिनं तेच परत वापरलं, हे तिला सगळ्यात आवडलं. ब्लाउजचा कपडा एकदा चुकीचा कापला की गेला, इथे काही वाया जात नाही.

ओट्यावरची दुसरी तक्रार: वीस टाके घातले होते, चोवीस कुठून आले? हे सगळ्यांचं होतं. नवी ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे टाकला की खालचा टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाके असल्यासारखे दिसतात. ओळीच्या सुरुवातीला धागा सुईच्या खाली आहे ना हे बघायचं, आणि सुरुवातीला तरी प्रत्येक ओळीनंतर टाके मोजायचे.

तिसरी तक्रार कडा वळण्याची. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणलं की स्वेटरसारखं गुळगुळीत कापड होतं, पण त्याच्या उभ्या कडा मागे वळतात, वरखालच्या पुढे वळतात. हात चुकलेला नसतो, त्या विणीचा स्वभावच तो. म्हणून स्वेटरला खाली वेगळी पट्टी असते. सगळ्या ओळी सुलटच विणल्या तर आडव्या वळ्यांचं जाड, सपाट कापड होतं, दोन्ही बाजूंनी सारखं. दोन सुलट, दोन उलट असे टाके सुलटावर सुलट, उलटावर उलट घेतले की ताणलं जाणारं, पुन्हा आटणारं कापड, ते मनगटाला आणि टोपीला. आणि विषम संख्येत टाके घेऊन प्रत्येक ओळ एक सुलट, एक उलट अशीच सुरू केली की दाणेदार वीण येते. ती मला सगळ्यात देखणी वाटते.

आता विणायचं काय? सगळे सांगतात, मफलरपासून सुरुवात करा. मला हे अजिबात पटत नाही. दीड मीटरचा मफलर म्हणजे तेच ते, तेच ते, आणि निम्म्यावर आला की कपाटात. पहिली वस्तू हातभर असावी, चार-दोन संध्याकाळी संपावी आणि घरात वापरात यावी. माझं मत भांडी पुसायच्या फडक्याला. चार टाके घालून एक ओळ सुलट विणा. मग प्रत्येक ओळीला दोन सुलट, सुईवर धाग्याचा एक वेढा, उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो, कडेला आपोआप जाळी पडते आणि कोपऱ्यातून त्रिकोण वाढत जातो. पंचेचाळीसएक टाके झाले की दर ओळीला टाके घटवत उतरा: एक सुलट, दोन टाके एकत्र, सुईवर वेढा, दोन टाके एकत्र, उरलेले सुलट. पुन्हा चार टाके राहिले की बंद करा. चौकोन तयार. एवढ्याशा फडक्यात टाका वाढवणं आणि घटवणं दोन्ही शिकून होतं.

हे फडकं कापसाच्या सुताचंच हवं. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. पाणी पीत नाही, आणि गरम कढई उतरवायला वापरली तर वितळून हाताला चिकटेल. शंका असली तर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि आच काढली की ती विझते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. गंमत अशी की सभोवार कापूस, जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग, आणि विणायचं जाड सूत मोठी मायला गावात मिळालं नाही, ऑनलाइन मागवावं लागलं. कापसाच्या सुताला लोकरीसारखा ताण नसतो, त्यामुळे स्वेटरला ते अवघड, फडक्याला आणि पिशवीला उत्तम.

सुयांचा घोळ मात्र समजून घ्या. आपल्याकडे सुयांना अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलटं, तिथली 8 नंबर 5 मिलिमीटरची. इंटरनेटवरचा नमुना कुठला हे न बघता सुई घेतली की फडक्याची सतरंजी होते. मिलिमीटर बघा आणि नंबर विसरा. सायकलच्या तारा किंवा खराट्याच्या काड्यांवर पोरं शिकतात तेही वाईट नाही, फक्त टोकं घासून घ्या.

रंगीत फेअर आइलचे फोटो पाठवून ‘हे शिकव’ म्हणणाऱ्यांनो, जरा दम धरा. ॲबर्डीनहून संध्याकाळी बोटीत बसलं की सकाळी शेटलंडला उतरता येतं, तिथली ती वीण. 1922 मध्ये ब्रिटनच्या युवराजानं गोल्फ खेळताना तसला स्वेटर घातला आणि त्याची फॅशन झाली. एका ओळीत रंग दोनच असतात, पण त्या वेळी न विणलेल्या रंगाचा धागा मागून सैल वाहून न्यावा लागतो. आधी फडकी होऊ द्या.

फडक्यानंतर टोपी. आपल्याकडे उन्हाळा पंचेचाळीसला जातो म्हणून लोकांना वाटतं खानदेशात लोकरीचं काय काम! त्यांनी जानेवारीत शेतात रात्रीची लाईट आल्यावर गव्हाला पाणी भरायला उभं राहून बघावं. पारा दहाच्या खाली असतो आणि पाय ओले. तेव्हा कानावर ओढता येणारी टोपी सगळ्यात कामाची: 4 मिलिमीटरची सुई, मध्यम जाडीची लोकर, 96 टाके, दोन सुलट दोन उलट, चोवीस-पंचवीस सेंटिमीटर सरळ विणत जायचं. मग टाके बंद न करता सगळ्यांतून धागा ओवून आवळायचा आणि मागची शिवण घालायची. तान्ह्या बाळाला 72 टाके आणि पंधराएक सेंटिमीटर पुरतात. टोपीआधी तळहाताएवढा नमुना विणून मोजपट्टी लावायची. 10 सेंटिमीटरला बावीसच्या आसपास टाके आले तर हिशोब बरोबर. कमी आले तर हात सैल आहे, टाके कमी घ्या.

मोठी मायनं नमुना विणला नाही. घट्टपणा गेल्यावर तिचा हात आता सैल पडलाय, दहा सेंटिमीटरला वीसच टाके येतात, आणि मोठ्या बाबांची टोपी भुवयांवर उतरते. ते म्हणतात, वरून मफलर बांधला की बसते, तक्रार नाही. दुसरी 88 टाक्यांवर सुरू आहे, ती शेजारच्या सालदारासाठी.