ऑक्टोबरची माळ घराघरांतून जावी

ऑक्टोबर हा आम्हा कॅथलिकांचा जपमाळेचा, म्हणजे मणी मोजत म्हणायच्या मारियामातेच्या प्रार्थनेचा महिना. त्यासाठी घरांची यादी ठरवायला आमच्या वाडीतील लघु ख्रिस्ती समूहाची, म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती घरांच्या गटाची, बैठक सप्टेंबरमधल्या एका रविवारी, सकाळच्या मिस्सेनंतर (देवळातल्या उपासनेनंतर), क्रुसाजवळच्या ओट्यावर झाली. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील बहुतेक वाड्यांप्रमाणे आमच्याही वाडीत मारियामातेची मूर्ती महिनाभर घरोघरी जाते आणि रोज संध्याकाळी एका घरी सगळे जमून जपमाळ म्हणतात. या वेळी मात्र एका तरुण सुनेने निराळी सूचना मांडली: रोज नव्या घरी जाण्याऐवजी सगळे एकतीस दिवस क्रुसाजवळच प्रार्थना करावी. तिची कारणे खोटी नव्हती. विरारच्या लोकलमधून उतरून घरी पोहोचायलाच साडेसात वाजतात, इमारतींमधल्या दोन खोल्यांत तीस माणसे मावत नाहीत, गुडघे दुखणाऱ्यांना जिने चढवत नाहीत आणि ज्याच्या घरी पाळी असते त्याला चहा-फराळाचा खर्च पडतो. बैठकीत अनेकांनी माना डोलावल्या. मला ती सूचना पटली नाही, पण का पटली नाही हे तिथे चार माणसांत नीट मांडता आले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

ही संध्याकाळ कशी असते हे आधी सांगायला हवे, कारण देवळातल्या प्रार्थनेपेक्षा ती फार वेगळी असते. आमच्या समूहात सत्तावीस घरे आहेत. पहिली आणि शेवटची जपमाळ क्रुसाजवळ होते, ७ आणि १३ ऑक्टोबरला सगळे देवळात जमतात आणि उरलेल्या सत्तावीस संध्याकाळी एकेका घराला मिळतात. आदल्या दिवशी मूर्ती ज्या घरी असते तिथे सगळे पावणेआठच्या सुमारास गोळा होतात, घरची माणसे मूर्ती उचलतात आणि मेणबत्त्या घेऊन, गीत म्हणत, केळीच्या बागांमधल्या पायवाटेने मिरवणूक पुढच्या घरी जाते. तिथे टेबलावर पांढरे कापड अंथरलेले असते आणि अंगणातल्या जास्वंदीची किंवा मोगऱ्याची फुले मांडलेली असतात. प्रार्थनेनंतर बायबलमधला एक उतारा वाचला जातो, ज्याला जे मागायचे आहे ते तो मोठ्याने मागतो आणि मग माणसे आपापल्या घरी जातात. मूर्ती मात्र तिथेच राहते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत, म्हणजे जवळजवळ चोवीस तास, ती त्या घरची पाहुणी असते, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या महिन्याचे मर्म या चोवीस तासांत आहे.

ज्या घरी दिवसभर दोनच वृद्ध माणसे असतात, मुलगा आखातात आणि मुलगी कॅनडात, त्या घरात ही रात्र काय असते ते मी पाहिले आहे. आमच्या शेजारच्या काकी त्या रात्री ओटीवरचा दिवा विझवत नाहीत. झोप लागली नाही तर मूर्तीसमोर खुर्ची घेऊन बसतात आणि दिवसभरात कोणाशी बोलायचे राहिलेले सगळे तिच्याशी बोलतात. क्रुसाजवळच्या प्रार्थनेला त्या येतीलही, पण ती रात्र त्यांना तिथे मिळणार नाही.

दुसरी गोष्ट माळ चालवण्याची. जपमाळेला धर्मगुरू लागत नाही. सुरुवातीचे तीन आणि पुढच्या पाच दशकांचे, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांचे, पन्नास असे त्रेपन्न वेळा मारियामातेला नमन करायचे, मध्ये प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि त्या दिवसाच्या रहस्यांवर, म्हणजे येशू आणि मारियामातेच्या जीवनातल्या प्रसंगांवर, मनन करायचे: सोमवारी व शनिवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये जोडलेली प्रकाशाची रहस्ये गुरुवारी. आमच्याकडे पहिले दशक घरच्या कर्त्या माणसाने म्हणायचे अशी रीत आहे. देवळात शेवटच्या बाकामागे उभा राहणारा, कधी कधी दाराबाहेरच थांबणारा माणूस स्वतःच्या घरात मात्र दहा मणी मोठ्याने म्हणतो आणि त्याची मुले ते ऐकतात. एका वर्षी एका घरच्या गृहस्थांना सहाव्या मण्यानंतर शब्दच आठवेनात, तेव्हा त्यांच्या सात वर्षांच्या मुलीने त्यांचा हात धरून पुढचे मणी म्हटले. जमलेल्यांपैकी कोणीही मान वर करून पाहिले नाही, सगळ्यांनी नेहमीच्याच आवाजात उत्तर दिले. इतकी सावधगिरी आणि इतकी माया मी मोठ्या सोहळ्यांत क्वचितच अनुभवली आहे.

वसईच्या श्रद्धेचा इतिहासही मला याच बाजूने दिसतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले आणि किल्ल्यातली भव्य देवळे ओस पडली. सेंट जोसेफच्या देवळाचा मनोरा आजही उभा आहे, पण त्याच्या पायथ्याशी असलेल्या देवळाला छप्पर उरलेले नाही. श्रद्धा मात्र राहिली, आणि ती राहिली याचे मोठे श्रेय शेती-बागायतीच्या वाड्यांमध्ये, घराघरांत रोज संध्याकाळी दिवा लावून प्रार्थना म्हणणाऱ्या बायकांना द्यायला हवे असे मला वाटते. जपमाळेच्या सणाचा उगम १५७१ मधल्या लेपांतोच्या आरमारी लढाईशी जोडला जातो आणि ऑक्टोबर महिना जपमाळेला वाहावा असे पोप तेरावे लिओ यांनी १८८३ मध्ये सांगितले, हे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. पण आमच्या वाडीत कोणाच्याही मनात आरमार नसते. भात कापणीला आलेले असते, पावसाचा नेम नसतो, दुपारी ऊन भाजून काढते आणि संध्याकाळी एखाद्या घरातून मेणाचा वास येतो. आमच्यासाठी ऑक्टोबर म्हणजे एवढेच.

आता आमच्या समूहातल्या दोन भावांविषयी लिहिते. त्यांची नावे लिहिणार नाही आणि वाडीही सांगणार नाही. त्यांच्यातले भांडण बावखलावरून झाले. ज्यांना वसई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, बावखल म्हणजे बागेला पाणी पुरवणारे खोदलेले तळे. पूर्वी एकेका बावखलावर तीन-चार कुटुंबांच्या वाड्या भिजायच्या आणि पावसाचे पाणी त्यात मुरून आसपासच्या विहिरी गोड राहायच्या. धाकट्याला आपल्या वाट्याचा भाग बुजवून जागा विकायची होती, थोरल्याला ते मान्य नव्हते, आणि चार वर्षे दोघे एकमेकांच्या अंगणातून गेले नाहीत. घरे मात्र शेजारी शेजारी, त्यामुळे यादीतही नावे एकाखाली एक. थोरल्याच्या घरची मूर्ती दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या घरी जायची आणि घरच्या माणसानेच ती पुढच्या घरच्या माणसाच्या हातात द्यायची. पहिल्या वर्षी दोघांनी एकमेकांकडे न बघता मूर्ती दिली आणि घेतली. दुसऱ्या वर्षीही तसेच झाले. तिसऱ्या वर्षी संध्याकाळी पाऊस पडून गेला होता, आणि मूर्ती देताना थोरला म्हणाला, “सांभाळ, पायरी ओली आहे.” चार शब्दांपलीकडे तो काही बोलला नाही, पण मिरवणुकीतले गीत क्षणभर थांबले होते हे मला स्पष्ट आठवते. बावखलाचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. ते दोघे आता आपल्या आईच्या औषधांचा खर्च मिळून करतात, एवढे मी जाणते. क्रुसाजवळच माळ म्हटली असती तर दोघे गर्दीच्या दोन टोकांना उभे राहिले असते आणि आजही तसेच उभे राहिले असते.

फराळाच्या खर्चाविषयीचे त्या तरुण सुनेचे म्हणणे मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यात दोष आमचा, जुन्या घरांचा आहे. माझ्या लहानपणी प्रार्थनेनंतर उकडलेले चणे आणि कोरा चहा मिळायचा, कोणाकडे पीक चांगले आले असेल तर एखादे केळे. मग एकाने सामोसे दिले, दुसऱ्याने केक आणला, तिसऱ्याने बिर्याणीची पाकिटे वाटली, आणि काही वर्षांत अशी वेळ आली की मोलमजुरी करणाऱ्या एका कुटुंबाने “आमच्या घरी सुतक आहे” असे सांगून पाळी टाळली. सुतक नव्हते. ते कळल्यावर मला फार लाज वाटली, कारण त्याच्या आधीच्या वर्षी माझ्याच घरी सगळ्यांना जेवण होते. जिच्या मुलाचा जन्म गोठ्यात झाला तिची मूर्ती आपल्या घरी ठेवायला कोणाला भीती वाटावी, हे आम्ही आमच्या हातांनी घडवले होते. माझी सूचना अशी आहे की पाणी आणि चणे याखेरीज कोणीही काहीही द्यायचे नाही, आणि हा नियम सर्वांत आधी ज्यांची घरे मोठी आहेत त्यांनी पाळावा.

इमारतींमधल्या कुटुंबांचा मुद्दा यापेक्षा नाजूक आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आमच्या धर्मग्रामात (एका देवळाशी जोडलेल्या परिसरात) मंगळूरची, केरळची आणि गोव्याची कुटुंबे राहायला आली आहेत. आम्ही घरात कादोडी ही इथली बोली बोलतो आणि प्रार्थना प्रमाण मराठीत म्हणतो, ते कोकणीत किंवा मल्याळममध्ये म्हणतात. सुरुवातीला ती मंडळी शेवटच्या रांगेत गप्प उभी राहायची. मग एका संध्याकाळी केरळच्या एका आजींनी आपल्या घरी पहिले दशक मल्याळममध्ये म्हटले. जपमाळेची रचनाच अशी आहे की नमनाचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा आणि दुसरा सगळ्यांनी, त्यामुळे त्यांनी त्यांच्या भाषेत सुरुवात करायची आणि आम्ही मराठीत उत्तर द्यायचे हे आपोआप जमून गेले. दहा मण्यांनंतर त्या आजी रडत होत्या. मुलाकडे राहायला आल्यापासून आपल्या भाषेत मोठ्याने प्रार्थना करण्याची ही पहिलीच वेळ, असे त्यांच्या सुनेने आम्हांला सांगितले. त्यानंतर आमच्याकडे पहिले दशक त्या घरच्या भाषेत म्हणण्याचा प्रघात पडला. हे सुचायला त्यांच्या घरात, त्यांच्या जमिनीवर बसावे लागले. क्रुसाजवळ ते आमचे पाहुणे असतात, तिथे आम्ही त्यांचे पाहुणे होतो.

एकत्र येण्याची वाटच बंद झाली तर काय होते, तेही आम्ही अनुभवले आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये देवळे बंद होती, राज्यातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला उघडली. त्या महिन्यात आम्ही फोनवरून माळ म्हणत होतो, आणि जे घडले त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, कारण आजारी माणसांच्या उशाशी तो आवाज पोहोचला. पण त्याच ऑगस्टमध्ये माझे वडील गेले होते आणि मूठभर माणसांत त्यांचा दफनविधी उरकावा लागला होता. आमच्या पाळीच्या दिवशी आई रिकाम्या टेबलावर पांढरे कापड अंथरून बसली होती. रात्री नऊच्या सुमारास फाटकाशी आवाज आला. समूहप्रमुख एकटेच, तोंडाला रुमाल बांधून, मूर्ती घेऊन आले होते. त्यांनी ती ओट्यावर ठेवली, दहा पावले मागे जाऊन अंगणात गुडघे टेकले आणि एक दशक म्हणून निघून गेले. माळेतल्या प्रत्येक नमनात आपण दोनच वेळांसाठी मध्यस्थी मागतो: आता, आणि आमच्या मरणाच्या वेळी. ती प्रार्थना मी हजारो वेळा म्हटली असेन, पण तिच्यातले “आता” मला त्या अंगणात कळले.

बैठकीत शेवटी असे ठरले की यंदा माळ घरोघरीच जाईल, वेळ आठची राहील, चण्यांखेरीज काही दिले जाणार नाही आणि ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांच्यासाठी इमारतीच्या खाली खुर्च्या मांडून वरचा आवाज ध्वनिवर्धकावर दिला जाईल. पुढच्या सप्टेंबरमध्ये पुन्हा विचार करू. आमची पाळी १९ तारखेला आहे आणि आमच्यानंतर मूर्ती त्याच सुनेच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर जायची आहे. परवा भाजी घेताना ती भेटली आणि म्हणाली, “काकी, टेबल खिडकीजवळ ठेवू की दाराजवळ?” मी दाराजवळ ठेव म्हणाले. जागा पुरली नाही की माणसे जिन्याच्या पायऱ्यांवर बसतात, आणि तिथून मूर्ती दिसली पाहिजे.