तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ब्लू’ ऐकण्याआधी त्यामागची कहाणी वाचावी का?

कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल हिचा ‘ब्लू’ हा अल्बम मी भेटेल त्याला ऐकायला सांगते. ऐकायला तयार झालेला माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो: ‘ही गाणी कोणाकोणावर लिहिली आहेत ते आधी वाचून घेऊ का? म्हणजे नीट कळतील.’ तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नका वाचू. आधी ऐका, सलग ऐका, तुमचं स्वतःचं मत तयार होऊ द्या. नावं कुठे पळून जात नाहीत.

मुळात ती नावं फारशी लपलेलीही नाहीत. जून १९७१मध्ये ‘ब्लू’ आला तेव्हा जोनी २७ वर्षांची होती. गायक ग्रॅहम नॅशबरोबरचं नातं संपलं होतं. ती युरोपात भटकून आली होती, क्रीट बेटावर राहिली होती, आणि मग गायक जेम्स टेलर तिच्या आयुष्यात आला होता. टेलर तर या अल्बममधल्या काही गाण्यांत गिटारही वाजवतो. एवढं सगळं दोन मिनिटांत सापडतं. पण ते डोक्यात घेऊन ऐकायला बसलं की कानाला दुसरं कामच उरत नाही. हे नॅशचं, हे टेलरचं, असे शिक्के मारत तो पुढे जातो, आणि शिक्का बसला की गाणं ऐकून झाल्यासारखं वाटतं.

‘अ केस ऑफ यू’ घ्या. त्यात ती म्हणते की, दारूच्या बाटल्यांची असावी तशी तुझी अख्खी पेटी प्यायले तरी मी पायांवर उभी असेन. या ओळीवरून ऐकणाऱ्यांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ही प्रेमाची कबुली आहे: तू कितीही मिळालास तरी मला पुरत नाहीस. दुसरा म्हणतो, छे, इथे ती सुटली आहे: तुझी नशा आता मला पाडू शकत नाही. मला दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं. संपलेल्या नात्याबद्दल आपण स्वतःशी असंच बोलतो, एका श्वासात ‘अजून हवा आहेस’ आणि ‘आता काही बिघडत नाही’. समोरचा पुरुष कोण होता हे कळल्याने या वादाचा निकाल लागत नाही. आणि तेही एकमताने कळत नाहीच: कोणी नॅशचं नाव घेतं, कोणी कवी-गायक लेनर्ड कोहेनचं.

शिवाय या प्रश्नामागे एक जुना अन्याय आहे, तो मला अजून सलतो. १९७१मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने जोनीला ‘ओल्ड लेडी ऑफ द इयर’ ठरवलं (‘ओल्ड लेडी’ म्हणजे बोलीभाषेत कोणाची तरी बायको किंवा प्रेयसी), आणि पुढच्या वर्षी तिचं नाव कोणाकोणाशी जोडलं जातं त्याचा तक्ताच छापला. त्यानंतर बरीच वर्षं तिने त्या मासिकाशी बोलणं टाळलं. गायक-गीतकार बॉब डिलनच्या ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ या अल्बमबद्दलही, म्हणजे १९७५मध्ये, लोकांनी त्याच्या संसारात डोकावलंच. पण त्याच्या बाबतीत चर्चा शेवटी कवितेपाशी येते. जोनीच्या बाबतीत ती पुरुषांच्या यादीपाशी अडकते. जिने सूर, शब्द, वाद्यांची लावणी सगळं स्वतः घडवलं, तिला तिच्याच गाण्यात दुय्यम पात्र करून टाकायचं, हे मला मान्य नाही.

आता लोकांची मतं. ती मी आवडीने गोळा करते, आणि नावडीचं मतही तितक्याच गांभीर्याने घेते.

‘आवाज फार वर जातो, कानाला टोचतो,’ ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. खरं आहे, तो जातो. कसलीही पूर्वतयारी न देता, ओळीच्या मधोमध तो वर उडी मारतो, बोलता बोलता अचानक गळा भरून यावा तसा. ज्यांना तो टोचतो त्यांना तो ऐकूच येत नाही असं मी म्हणणार नाही. उलट त्यांना तो अगदी बरोबर ऐकू येतोय. त्या काळात आपल्याला कसलंच कवच उरलं नव्हतं, सिगारेटच्या पाकिटावरच्या पारदर्शक कागदासारखं वाटत होतं, असं तिने १९७९च्या एका मुलाखतीत सांगितलं आहे. तसा आवाज सुखाचा कसा असेल?

‘वाद्यं फारच कमी आहेत, सगळं अर्धवट वाटतं,’ हेही ऐकायला मिळतं. पियानो, गिटार, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं डल्सिमर हे तंतुवाद्य, आणि मोजक्याच गाण्यांत ड्रम. अर्धवटपणाची ही जाणीव मात्र नुसती कमी वाद्यांमुळे येत नाही. नवव्या वर्षी तिला पोलिओ झाला होता, डावा हात कमजोर राहिला. नेहमीचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, धरणं अवघड, म्हणून ती गिटारच्या तारा वेगवेगळ्या सुरांत लावून घेऊ लागली. त्यातून असे कॉर्ड निघाले जे कुठेच पूर्ण विसावत नाहीत. ती स्वतः त्यांना प्रश्न विचारणारे कॉर्ड म्हणते. आपल्या कानाला सूर मुक्कामी पोचण्याची सवय असते. इथे तो उंबरठ्यावरच थांबतो आणि पुढची ओळ सुरू होते. तुम्हाला अस्वस्थ वाटलं तर त्याचं श्रेय या सुरांना द्या. मला विचाराल तर ‘ब्लू’मधलं दुःख शब्दांपेक्षा इथे जास्त आहे.

‘हा प्रेमभंगाचा अल्बम आहेच कुठे? अर्धी गाणी तर मजेत आहेत,’ असं कोणी म्हणालं की मला त्या माणसाशी लांबलचक बोलावंसं वाटतं, कारण तो नीट ऐकतोय. ‘कॅरी’वर पाय ठेका धरतात. ‘माय ओल्ड मॅन’ म्हणजे सुखी घराचं गाणं, फक्त जोडीदार घरात नसतो तेव्हाच्या ओळींत सूर काळवंडतो. जे मोडलं ते किती छान होतं हे या गाण्यांतूनच कळतं. नुसता शोक असता तर ३६ मिनिटंही जड झाली असती.

आणि चौथं मत, ज्याच्याशी माझं अजिबात पटत नाही: ‘रडगाणं आहे, स्वतःच्याच दुःखात बुडालेली बाई.’ असं म्हणणाऱ्यांना मी ‘रिव्हर’ पुन्हा ऐकायला सांगते. पियानोवर सुरुवातीला ‘जिंगल बेल्स’चीच चाल येते, पण उदास होऊन. नाताळ जवळ आलाय, कॅनडाच्या बर्फात वाढलेली ही मुलगी हिरव्यागार कॅलिफोर्नियात आहे, आणि तिला गोठलेली नदी हवी आहे, स्केट्स घालून दूर निघून जायला. गाण्यात ती गमावलेल्या प्रियकराला एकदाही बोल लावत नाही. मी स्वार्थी आहे, मला सांभाळणं कठीण आहे, मीच त्याला गमावलं, असं म्हणते. प्रेमभंगाच्या कित्येक गाण्यांत समोरच्यावर खटला भरलेला असतो आणि आपण ऐकणारे पंच म्हणून बसतो. इथे आरोपी स्वतःच उभी राहते आणि दया मागत नाही.

‘पण आमचं कधी काही मोडलंच नाही, आम्हाला काय कळणार?’ अशीही शंका काढतात. ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ आवडल्याचं सांगणाऱ्या गायिका मेरी ट्रॅव्हर्सला खुद्द डिलन १९७५च्या रेडिओ मुलाखतीत म्हणाला होता की, लोकांना असल्या वेदनेत आनंद कसा मिळतो हे त्याला समजत नाही. याचं उत्तर संशोधकांकडे आहे. लिलिआना तारुफ्फी आणि श्टेफान क्योल्श यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७७२ जणांना दुःखी संगीताबद्दल विचारलं, तेव्हा सर्वाधिक लोकांनी सांगितलेली भावना दुःख नव्हतीच, ती होती गतकाळाची ओढ. ती ओढ कोणाला नसते? आपल्या जुन्या काव्यशास्त्राने साधारणीकरण सांगितलं ते हेच: भाव कोण्या एका व्यक्तीचा राहत नाही, म्हणून तो आपला होतो. मग त्याला पुन्हा त्या व्यक्तीच्या नावाशी नेऊन कशाला बांधायचं?

इथे तुम्ही मला ‘लिटल ग्रीन’वरून अडवाल, आणि अडवायलाच हवं. १९७१मध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकाला त्या गाण्यातले संदर्भ आकलनापलीकडचे वाटले होते. ते गाणं होतं तिच्या मुलीचं. १९६५मध्ये, पैसे नाहीत आणि लग्नही नाही अशा अवस्थेत, जोनीने तिला जन्म दिला आणि नंतर दत्तक जाऊ दिलं. हे जगाला कळलं १९९३मध्ये, आणि मायलेकींची भेट झाली १९९७मध्ये. हे माहीत झाल्यावर ते गाणं पूर्वीसारखं ऐकता येत नाही, हे मी कबूल करते. अल्बमचं वजनच बदलतं. इतकी वर्षं सगळे प्रियकर शोधत होते, आणि सगळ्यात खोल ताटातूट तिसऱ्या गाण्यात उघड्यावर ठेवलेली होती. तरीही माझा आग्रह ढळत नाही. त्या दोन दशकांत, काहीही माहीत नसताना, लोकांना हे गाणं भिडत होतंच. निरोपाचं, हिरव्या रंगाचं, सही केलेल्या कागदांचं हे गाणं ऐकून थांबलेला माणूस पुढे कहाणी वाचतो तेव्हा त्याला स्वतःच्या कानांवर भरवसा बसतो. आधी वाचलेल्याला तो क्षण मिळत नाही. तुम्हाला आता मीच सांगून टाकलं, पण त्याशिवाय उत्तर पूर्ण होत नव्हतं. बाकी नऊ गाणी तुमच्यासाठी शाबूत आहेत.

ऐकताना क्रम मोडू नका, एवढी मात्र विनंती. अल्बम जवळजवळ तयार असताना तिने त्यातली दोन जुनी गाणी काढली आणि दोन नवी घातली. त्या दोन नव्यांपैकी ‘ऑल आय वॉन्ट’ सुरुवातीला आहे आणि ‘द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड’ शेवटी. म्हणजे अल्बमचं तोंड आणि टोक दोन्ही तिने ऐनवेळी ठरवलं. एकीकडे प्रवासाला निघालेली, हवं ते सगळं मागणारी मुलगी. दुसरीकडे अंधाऱ्या कॅफेत एकटी बसलेली बाई, जी ही अवस्था तात्पुरती आहे असं स्वतःला बजावते. दैनंदिनीची पानं कोणी अशी लावत नाही.

मग कहाणी वाचा, आणि त्यानंतर ‘अ केस ऑफ यू’ची आणखी दोन रूपं ऐका. २०००मध्ये तिने ते पूर्ण ऑर्केस्ट्रासह पुन्हा गायलं, खर्जात उतरलेल्या आवाजात. आणि जुलै २०२२मध्ये, मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या आजारातून उठल्यावर, ७८व्या वर्षी अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवात मित्रमंडळींसोबत. पायांवर उभी असेन, ही ओळ ती तिथे खुर्चीत बसून गाते. वर सांगितलेल्या दोन पक्षांपैकी तुम्ही कोणत्या बाजूला आहात, ते मला तेव्हा कळवा.