शिवसागर वही: आधी टीएमसी बघायचा, मग पिशवी भरायची

मंडळी, शिवसागर वहीचा हा पुढचा हप्ता. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: सातारा जिल्ह्यात कोयना धरणामागे पसरलेला शिवसागर जलाशय, त्याच्या काठचं बामणोली, तापोळा, मुनावळे, जवळचा वासोटा किल्ला आणि वरचं कास, या पट्ट्यात वर्षभरात केव्हा काय करता येतं याची नोंद मी ठेवते आहे. सुरुवातीला पानाच्या डोक्यावर तारीख आणि वार लिहायचे. आता त्याच्या शेजारी त्या दिवशीच्या पेपरातला कोयना धरणाचा साठा लिहिते. तारखेपेक्षा तोच आकडा जास्त कामाला येतो, हेच या खेपेला सविस्तर सांगायचं आहे.

पावसाळ्यात आपल्याकडे पेपर उघडला की कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणचा पाऊस शेजारी शेजारी छापलेला असतो. त्याखाली साठा. पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातला तळाचा, वापरता न येणारा सुमारे ५ टीएमसी मृतसाठा. बहुतेक जण दरवाजे कधी उघडणार एवढ्यापुरता तो आकडा वाचतात आणि ऑक्टोबरात विसरतात. आपल्यासारख्यांनी तो ऑक्टोबरनंतरच खरा वाचायला हवा. धरणाचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपतं, म्हणून माझी वहीसुद्धा जूनमध्येच नवी होते.

आता कारण. धरण आहे दक्षिणेला, कोयनानगरपाशी. तिथून पाण्याचा फुगवटा उत्तरेला कोयनेच्या खोऱ्यात आत आत शिरत पार तापोळ्यापर्यंत गेलेला, आणि वाटेत सोळशी, कांदाटीच्या खोऱ्यांतही त्याचे फाटे घुसलेले. मूळ नदी महाबळेश्वरहून उतरत येते, म्हणजे तिचा तळ उत्तरेकडे उंच आणि धरणाकडे खोल. साठा उतरायला लागला की पाणी आधी तापोळ्याकडून मागे हटतं, मग बामणोलीकडून. धरणाच्या भिंतीपाशी अजून भरपूर पाणी दिसत असतं, आणि त्याच आठवड्यात तापोळ्याच्या धक्क्यावरून लाँच गाठायला ढेकळं तुडवत खाली उतरावं लागतं. शिवाय हे पाणी एकाच दिशेला जात नाही. काही खाली कोयनेतून सांगलीकडे सुटतं, आणि मोठा वाटा बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहाकडे उतरून वाशिष्ठीला मिळतो. पश्चिमेकडच्या वाट्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. एखाद्या उन्हाळ्यात विजेची आणि सिंचनाची मागणी एकदम वाढली तर आपली बोटिंगची सुट्टी हुकते, ती अशी.

म्हणून माझा ठोकताळा. साठा काठोकाठ असेल तर तापोळा. निम्म्याच्या वर असेल तर बामणोलीहून वासोटा. निम्म्याच्या खाली गेला की काठाने पायी. अगदी तळाला गेला की लाँचचं नाव काढायचं नाही, कास किंवा महाबळेश्वर गाठायचं. हा नियम नाही, माझा अंदाज आहे. निघण्याआधी धक्क्यावर फोन करून विचारणं केव्हाही चांगलं.

वासोट्याची पानं या वर्षी सगळ्यात जास्त भरली. पावसाळ्यात किल्ला बंद असतो. उघडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत साठा वर असतो, रान हिरवंगार असतं, ओढ्यांना पाणी असतं आणि जळवाही असतात. मला हेच दिवस आवडतात. डिसेंबरात गर्दी फार. बामणोलीत वनखात्याची परवानगी काढायची, ओळखपत्र लागतं, पिशव्या तपासतात. प्लॅस्टिक आत नेऊ नका, डबा स्टीलचा आणि पाण्याची बाटली धातूची घ्या, म्हणजे तपासणीत वेळ जात नाही. लाँच अख्खी ठरवावी लागते, त्यामुळे दोघा-तिघांनी गेलात तर धक्क्यावरच दुसरा गट शोधा. शनिवारी-रविवारी सकाळी तो सापडतोच.

लाँचने तास-दीड तासात किल्ल्याच्या पायथ्याला, मेट इंदवलीला उतरलं की थेट जंगल. ओढ्याकाठी मारुती आणि गणपती, तिथून चढ सुरू. वाट मळलेली आहे, चुकण्यासारखी नाही, पण दाट झाडीत वारा लागत नाही म्हणून घाम फार निघतो. हा सगळा भाग कोयना अभयारण्याचा, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातला. गवा आणि अस्वल यांचं हे घर आहे, तेव्हा मोबाईलवर गाणी लावून चढणाऱ्या टोळक्यांना हात जोडून पुढे जाऊ द्यावं आणि आपण मागे राहावं. ते गेल्यावर पाचच मिनिटांत रान पुन्हा बोलायला लागतं. शीळकरी कस्तूर ओढ्याच्या बाजूने ऐकू येतो, आणि उंबरावर मलबारी राखी धनेश असला तर त्याचा खिदळल्यासारखा आवाज आधी येतो, पक्षी नंतर दिसतो.

वर बिनछपराचा मारुती, वाड्याची जोती, टाकं, महादेवाचं देऊळ. शिवाजी महाराजांनी १६६० मध्ये किल्ला घेतल्यावर त्याला व्याघ्रगड नाव दिलं. पुढच्या काळात ताई तेलिणीने पंतप्रतिनिधींच्या बाजूने इथूनच पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांना झुंजवलं. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि तिथून मारा करून किल्ला घेतला. वर उभं राहून दोन्ही डोंगर पाहिले की समजतं, असा बेलाग किल्ला एवढ्या लवकर कसा पडला ते. जुना वासोटा उंचीने अंगावर येतो आणि मधली दरी तोफेच्या टप्प्यातली आहे. बाबूकड्याच्या टोकाशी कठडा नाही. नालेच्या आकाराचा तो कडा सरळ कोकणात तुटतो, आणि दुपारी खालून येणारा वारा टोपी घेऊन जातो. पालथं पडून बघा, उभं राहून सेल्फी काढू नका.

नागेश्वरची गुहा त्याच दिवसात करायची असेल तर पहिल्या लाँचने निघायला हवं, नाहीतर परतीच्या वेळेची ओढाताण होते. मुक्कामाला परवानगी नाही आणि सूर्य कलायच्या आत काठावर परत यावं लागतं. मी या वर्षी नागेश्वर सोडून दिलं. घाईघाईत उरकण्यासारखी जागा नाही ती.

वाऱ्याबद्दल वेगळं पान केलं आहे. फेब्रुवारीनंतर दुपार झाली की घाटमाथा ओलांडून पश्चिमेचा वारा खोऱ्यात उतरतो आणि पाण्याला चांगल्याच लाटा येतात. बामणोलीच्या एका लाँचवाल्या मामांनी सांगितलं ते तसंच उतरवते: “ताई, सकाळी पाणी आपलं असतंय. दुपारनंतर वाऱ्याचं.” त्यामुळे वल्ह्याची नाव किंवा कयाक करायची असेल तर सकाळी दहाच्या आत. तापोळ्याला वल्ह्याच्या नावा मिळतात. मुनावळ्याला २०२४ पासून पर्यटन महामंडळाच्या जलक्रीडा सुरू झाल्या आहेत, तिथे कयाकपासून जेटस्कीपर्यंत सगळं आहे. जेटस्कीचं मला कौतुक नाही. अभयारण्याच्या काठावर एवढा आवाज कशाला, असं माझं मत. आमच्या गटातले दोघे मात्र तिथून परत यायला तयार नव्हते, तेव्हा आवड आपापली. लाईफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा, कुणी घालून दिलं म्हणून बसू नका. पोहायला मी कुठेच सुचवणार नाही. पाणी उतरलेल्या काठाला वरून सुकलेली पापडी दिसते आणि खाली गुडघाभर गाळ असतो.

तोच उतरलेला काठ पायी फिरायला मात्र मस्त. एप्रिलच्या सुमारास पाणी मागे गेलं की गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी, सुरू असते, मधूनच जुन्या बांधांच्या ओळी, एखाद्या घराचं जोतं, पायऱ्या उघड्या पडतात. ही गावं १९६० च्या दशकात धरणाखाली गेली, माणसं विस्थापित झाली. तिथले दगड उचलून आणू नयेत आणि जोत्यावर बसून डबा खाऊ नये, एवढं तरी पाळावं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाच्या आठवणीही याच काठाने ऐकायला मिळतात. चहा घेता घेता कुणी म्हातारं माणूस सहज सांगायला लागतं, तेव्हा वही पिशवीत ठेवते आणि ऐकते.

पक्षी याच दिवसांत नीट दिसतात. पाणकावळे, खंड्या, नदी सुरय हे ठरलेले. दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरते. त्याहून जड दुर्बीण हलत्या लाँचमध्ये काही कामाची नाही.

आता वरचं पाणी. कास तलाव सगळ्यांनी पाहिलेला, म्हणून फार लिहीत नाही. उरमोडी इथेच उगम पावते आणि साताऱ्याच्या पश्चिम भागाला पिढ्यान्‌पिढ्या या तलावाचं पाणी आहे. भिंतीची उंची वाढवल्यापासून पाण्याचा विस्तार दुपटीहून मोठा वाटतो आणि जुनी काठावरची पायवाट गेली. रविवारी तिथे जाऊ नका, पत्रावळी आणि बाटल्यांतच वाट काढावी लागते. कासच्या फुलांच्या पठारासाठी सप्टेंबरमध्ये ऑनलाइन नोंदणी करूनच जा. १२०० मीटर उंचीवरचा हा कातळसडा २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेला आणि तेव्हापासून गर्दी हा तिथला मुख्य विषय झाला. माझी शिफारस वेगळी: लोक रस्त्यालगतच तेरडा, सीतेची आसवं आणि गेंद बघून परततात, पण महाबळेश्वरकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गाने थोडं चाललात तर कुमुदिनी तळं लागतं. पांढऱ्या झालरीच्या बारक्या फुलांनी ते पाणी भरलेलं असतं आणि कडेच्या कातळावर उथळ डबक्यांत वायतुरा दिसतो. वायतुऱ्याचं शास्त्रीय नावच साताऱ्यावरून ठेवलेलं आहे. त्याचं दुफाटं जांभळट तुऱ्यासारखं फूल पाण्याच्या वर एवढंसं असतं, पाय टाकण्याआधी खाली बघा.

सायकलवाल्यांसाठी: यवतेश्वरचा चढ अंगावर येतो, पण तो सुरुवातीलाच संपतो. साताऱ्याहून कासपर्यंत सुमारे २५ किलोमीटर, पुढे बामणोलीपर्यंत जवळजवळ सगळा उतार. येताना तोच चढ, तोही उन्हात, म्हणून आम्ही बामणोलीत मुक्काम करतो. तिथे घरगुती जेवण मिळतं, नाचणीची भाकरी आणि मासे. ब्रेकचे पॅड उतराआधी बघून घ्या.

बाकी राहिलेलं. सायकल तराफ्यावर घालून सोळशीचं पाणी ओलांडायचं, तापोळा गाठायचं, पुढे महाबळेश्वर आणि मेढ्यामार्गे सातारा, असा पूर्ण फेरा करायचा आहे. तराफ्याच्या वेळा साठ्यावर आणि वाऱ्यावर ठरतात, म्हणून हा बेत दिवाळीनंतर लगेचचा, साठा ९० टीएमसीच्या वर असताना. दुसरं, नवज्याचा ओझर्डे धबधबा आणि कोयनानगरची बाजू. वहीचा दक्षिणेकडचा अर्धा भाग अजून कोराच आहे. तिकडून कुणी नियमित जात असेल तर साठ्याच्या आकड्यासह नोंदी पाठवा, नुसता “मस्त होतं” असा निरोप नको. पुढचं पान नोव्हेंबरात.