एकाच महिन्यातले दोन राघू

कुणबी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. अर्जदार अभिलेख कक्षात आले तेव्हा तो त्यांच्या हातातच होता. गाव नमुना चौदाची, म्हणजे जन्म-मृत्यू रजिस्टरची नक्कल. ऑक्टोबर १९१८, राघू बिन धोंडी, वय पन्नास, जात कुणबी, मयत. पणजोबा आणि त्यांचे वडील, दोन्ही नावं वंशावळीशी जुळत होती. मला फक्त मोडीचं लिप्यंतर करून द्यायचं होतं.

पण १९१८चा ऑक्टोबर म्हणजे मानमोडीची, इन्फ्लुएन्झाची साथ. एरवी दोन-चार नोंदींचा महिना तेव्हा पानंच्या पानं चालतो आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द खाली उतरत जातो : ताप. अशा महिन्यात नाव सापडलं तरी थांबायचं नाही, महिना संपेपर्यंत वाचायचं. आजाचं नाव नातवाला ठेवायची रीत आणि नोंदीत आडनाव नाही, त्यामुळे भावकीत एकाच नावाची माणसं निघतातच. मूळ रजिस्टर मागवलं. चार पानं पुढे दुसरा राघू निघाला. बिन धोंडीच. वय पस्तीस.

‘‘नाव तर तेच आहे ना, साहेब?’’ अर्जदार म्हणाले. अडचण तीच होती.

आजोबा कृष्णा यांची जन्मनोंद उपयोगाची नव्हती. बारशाआधीच नोंद होत असल्याने तिथे नाव नसतं, नुसतं ‘मुलगा’. म्हणून शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर धरलं : जन्म १ जून १९१२. ही १ जून बहुधा गुरुजींच्या अंदाजाची असते, पण इथे वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे चालणार होती. बाप वारला तेव्हा कृष्णा सहाएक वर्षांचा, एवढंच हवं होतं.

मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलांची नोंदवही, गाव नमुना सहा. १९१९ साली वारसाच्या दोन नोंदी होत्या. पन्नाशीच्या राघूला दोन सज्ञान मुलगे, त्यांत कृष्णा नाही. दुसऱ्याच्या नोंदीत ‘कृष्णा, अज्ञान (म्हणजे वयाने लहान), पालन करणारी आई’ आणि जमिनीचा सर्व्हे नंबर. सातबाऱ्यावर आता गट नंबर असल्याने सरळ ताळा पडत नाही; जमिनीचे तुकडे जोडून गट पाडले त्या एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्यात जुना नंबर पाहावा लागला. तोच होता. हातातली नक्कल चुलत घराची निघाली.

खऱ्या नोंदीत जातीच्या रकान्यात होतं ‘कि॥’. कित्ता, म्हणजे वरच्याप्रमाणे. वर पाहिलं, कि॥. त्याच्या वर, कि॥. पान सुरूच कित्त्याने झालेलं. मागचं पान उलटलं, तर तळापासून नऊ ओळी वर एक पुसट खूण. वरून उजेड टाकला की अशी शाई कागदात विरते. बॅटरी कागदालगत आडवी धरली की टाकाने पाडलेली चर दिसते. तिथे ‘कु॥’ होतं, आणि खालच्या नऊही ओळींत मधे दुसरी कुठली जात आलेली नव्हती. हे एकेक ओळ मोजून पाहावं लागतं, कारण मधे एक जरी वेगळा शब्द आला तरी खालचे सगळे कित्ते त्याचे होतात. आणि नुसतं ‘कु॥’ पुरेसं मानलं जाईलच असं नाही, म्हणून त्याच रजिस्टरात त्याच हाताने पूर्ण ‘कुणबी’ लिहिलेली एक ओळ शोधून ठेवली. ती पन्नाशीच्या राघूचीच होती.

नकलेचा अर्ज नव्याने केला. सलग दोन पानं, पूर्ण, रकान्यांच्या मथळ्यांसकट. जुनी नक्कलही सोबत जोडली.