हॅस्केलमधलं हॅशिंग आणि ते सांभाळणारी माणसं

आज सांगलीत पावसाची झड, त्यामुळे विश्रामबागेतल्या खोलीतच बसून हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेतल्या, एसएचए-२५६ (फाइलवरून तिचा ठरावीक लांबीचा ठसा, म्हणजे हॅश, काढायची पद्धत) च्या दोन लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, शेजारी-शेजारी चालवून बघितल्या. एक पूर्ण हॅस्केलमध्ये लिहिलेली, दुसरी आतून सी भाषा वापरणारी. पहिलीचा कोड वाचायला फार सुंदर, पण मोठ्या फाइलवर खूप मागे पडली. हॅश काढताना ६४ बाइटच्या प्रत्येक ब्लॉकवर गणिताच्या ६४ फेऱ्या होतात. त्यात हॅस्केलच्या लेझीपणामुळे (गरज पडेपर्यंत हिशोब पुढे ढकलायची सवय) आकडा लगेच न काढता नुसता थंक (राहिलेल्या हिशोबाची नोंद) होऊन मेमरीत पडला, की वेग गेलाच! स्ट्रिक्ट फील्ड (हिशोब लगेच करायला लावणारी) आणि अनबॉक्स्ड (मेमरीत थेट ठेवलेले) आकडे वापरले की बराच फरक पडतो. तरी सी गाठणं अवघड.

मनात घोळतंय ते मात्र वेगळंच. क्रिप्टोनाइट या हॅस्केलच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीवर कितीतरी पॅकेजं उभी होती, सुरक्षित जोडणीचं टीएलएससुद्धा. त्याची देखभाल थांबली आणि २०२३ मध्ये क्रिप्टॉन हा फोर्क (त्याच कोडवरून पुढे चालवलेली वेगळी प्रत) निघाला. जीएचसी या हॅस्केलच्या कंपायलरची नवी आवृत्ती आली की काहीतरी मोडतं, आणि कुणीतरी आपला वेळ घालून ते दुरुस्त करतं. अशा माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

संध्याकाळी आमचा प्रकल्प क्रिप्टॉनवर नेला. मॉड्यूलची नावं तीच, त्यामुळे इंपोर्टला (कोडमध्ये मॉड्यूल जोडणाऱ्या ओळींना) हातही लावावा लागला नाही. सांगली-मिरजेत कुणी हॅस्केल लिहीत असेल तर कळवा, एकदा बसूया.