आमची वाटचाल: न्यू जर्सीतल्या चार्टर शाळा आणि आम्ही दोघं

आम्ही नवरा-बायको एडिसनला राहतो, आणि आमची छोटी फर्म न्यूअर्क, पॅटरसन भागातल्या चार्टर शाळांचं वर्गातल्या टेक्नॉलॉजीचं काम बघते. गावाकडे सांगितलं की प्रश्न ठरलेला, चार्टर म्हणजे प्रायव्हेट ना? तर नाही. पैसा सरकारी, फी शून्य, जागांपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी, फक्त चालवणारं मंडळ वेगळं. न्यू जर्सीचा कायदा 1995 चा, पहिली परवानगी चार वर्षांची, मग दर पाच वर्षांनी रिन्यूअल, आणि निकाल बरे नसतील तर शाळेला टाळंसुद्धा लागतं.

बिल्डिंग बांधायला मात्र सरकारी अनुदान नाही, म्हणून बऱ्याच शाळा जुन्या चर्चच्या शाळेत नाहीतर गोडाऊनमध्ये भाड्याने. आमचा धंदा खरं तर ह्या भिंतींवरच उभा राहिला, कारण जाडजूड विटांतून वायफाय शेजारच्या वर्गातसुद्धा धड जात नाही. केबल आणि ॲक्सेस पॉइंटला (वायफाय पसरवणारा डबा) ई-रेट नावाची फेडरल सवलत आहे, गरीब मुलं जास्त असतील तर 85 टक्क्यांपर्यंत, पण त्यासाठी शाळेने काय हवंय ते सांगणारा फॉर्म 470 टाकायचा, किमान 28 दिवस बोली खुली ठेवायची, मग सवलतीच्या अर्जाचा फॉर्म 471. बायको आधी अकाउंट्समध्ये होती, हे सगळे नियम ती कोळून प्यायलीये, ती नसती तर मी आजही नुसत्या वायरी ओढत बसलो असतो.

कोविडमध्ये फेडरल मदत आली आणि प्रत्येक पोराच्या हातात क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या सिस्टिमवर चालणारा स्वस्तातला लॅपटॉप, आलं. तो पैसा सप्टेंबर 2024 पर्यंत मार्गी लावायचा होता, त्यामुळे ज्याला जे दिसेल ते घेतलं, टचपॅनल काय, व्हीआर हेडसेट काय. गुगलचा जॅमबोर्ड, म्हणजे टचवाला डिजिटल फळा, आठवतोय का, साधारण पाच हजार डॉलरचा, 2024 संपलं आणि ॲपच बंद, आता काही ठिकाणी त्याच्यावर कागदी नोटिसा चिकटवलेल्या दिसतात 😅

आमचं पोट मात्र रिपेअरवर. तिसरीतली पोरं कीबोर्डची बटणं उपटून एम आणि एनची अदलाबदल करतात, चार्जिंगच्या भोकात पेन्सिलचं शिसं. 2025 च्या मे महिन्यात तर टिकटॉकवर बघून यूएसबीत काहीबाही खुपसून धूर काढायची टूम निघाली होती, तेव्हा फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती.

मला विचाराल तर लहान वर्गांत सगळ्यात कामाची टेक्नॉलॉजी म्हणजे क्लेव्हर ह्या शाळांच्या लॉगिन सेवेचा क्यूआर बॅज. गळ्यातलं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं की पोरगं आत! आधी पहिलीच्या वर्गात पासवर्ड टाकण्यातच तास जायचा, बाई रडकुंडीला यायच्या.

आता एआय. 2023 च्या जानेवारीत न्यूयॉर्क सिटीच्या शाळांनी चॅटजीपीटी ब्लॉक केलं, मे मध्ये धोरण फिरवलं. आमच्याकडेही तोच प्रिन्सिपल आधी ब्लॉक करा म्हणाला आणि काही महिन्यांनी सुरू करा. चार्टरमध्ये डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळांच्या मंडळाच्या, मंजुरीची वाट बघावी लागत नाही, प्रिन्सिपल आणि ऑपरेशन्स मॅनेजर दोघं बसले की निर्णय होतो, म्हणून नवीन ॲपवाले आधी ह्यांचंच दार वाजवतात. आम्ही दोन गोष्टींवर अडून बसतो. मुलांचा डेटा कुठे जातो आणि कधी डिलीट होतो हे कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून पाहिजे, आणि नव्या ॲपची चाचणी अशाच बाईंच्या वर्गात लावायची ज्यांना टेक्नॉलॉजीचा मनापासून कंटाळा आहे. हौशी सरांच्या वर्गात काय, काहीही चालतं.

सेल्सवाल्यांना हे आवडत नाही, एक-दोन कंपन्यांनी आमच्याशी काम करणंच सोडलं, सोडूदे.

सध्या ऑगस्टची धांदल चालू आहे, शाळा उघडायच्या आत क्रोमबुक ठेवून चार्ज करायच्या ढकलगाड्या तपासून द्यायच्यात. पॅटरसनच्या बाजूला राहणारं, हातात स्क्रू ड्रायव्हर धरता येणारं कोणी ओळखीचं असेल तर मेसेज करा, फिंगरप्रिंट तपासणी लागते, त्याचा खर्च आमच्याकडे.